पत्ता: चर्चच्या मागे

"पत्ता म्हणजे कुणाचा?" मामा विचारतो.
फॉर्ममधला तो चौकोन कधीचा लाल होऊन बसलाय,
पत्ता भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.
एलादिओ मामा चाळीस वर्षं
पत्त्यावाचूनच पुढे जात आलाय.
लुईन्त्राहून ओउरेन्से, तिथून नदीकाठाने मोन्फोर्ते,
एक चाक रस्त्याचं, एक दगडाचं,
आणि ओठांशी ती भोकाभोकांची लाकडी शीळ
जी ऐकली की बायका स्वयंपाकघरातले खण उघडतात.

"लिही," तो म्हणतो, "शीळ ऐकू येईल तिथे."
मी लिहिते: लुईन्त्रा, चर्चच्या मागे.
चौकोन शांत होतो.

मग वेळ. उघडण्याची, बंद होण्याची.
"पाऊस नसेल तर."
यादीत असा पर्याय नाही.

धारवाल्याला आमच्याकडे अफियादोर म्हणतात.
ते नाव घ्यायला गेले तर
कुणीतरी आधीच अडवून ठेवलेलं,
आत काहीच नाही, नुसती पाटी:
विकणे आहे, दोन हजार युरो.
मामा खूप हसला.
"धंद्यापेक्षा धंद्याचं नाव महाग!"
मी मागे गावाचं नाव जोडलं. बारा युरोत भागलं.
ते त्याने बिस्किटांच्या डब्यातून
सुट्ट्या नाण्यांत मोजून दिले.

फोटो हातांचा घ्यायचा ठरला होता.
"थांब, धुवून येतो."
नको म्हणेपर्यंत गेलाही,
आला तो मयतीला घालायचा कोट चढवून,
नखं खरवडून गुलाबी केलेली.
एखाद्या कारकुनाचे हात.
दुसरा फोटो मी न सांगता काढला,
ठिणग्या स्पष्ट, चेहरा हललेला.
तोच लावला.

"आमच्याविषयी" मध्ये मी लिहिलं होतं,
तीन पिढ्यांचा विश्वास.
"विश्वास खोड," तो म्हणाला.
"धार लागली की कागद कापून दाखवायचा.
ठेवा विश्वास, असं कशाला सांगायचं?"
मग धारवाल्यांच्या त्या चोरबोलीत
स्वतःशीच काहीतरी पुटपुटला.
अर्थ विचारला तर म्हणे,
"हे त्यात घालू नकोस."

पहिला अभिप्राय आला. एक तारा.
*शीळ वाजली आणि अर्ध्या तासात पाऊस.
माझ्या चार चादरी भिजल्या.*
अफियादोर शीळ घालतो म्हणून पाऊस येतो,
हे इथे पोराटोरांनाही माहीत आहे,
पण म्हणून एक तारा?
मी नम्र उत्तराचे तीन खर्डे केले,
प्रत्येक आधीच्याहून बोथट.
मामाने चष्मा लावून वाचलं.
"खरंच आला होता पाऊस.
तिला विचार, कात्री कशी चालते?"
विचारलं.
दोन दिवसांनी खाली एक ओळ: *कात्री छान चालते.*
तारा मात्र एकच राहिला.

आणि मग मोन्फोर्तेच्या ओब्दुलियाचं सलून:
चौदा कात्र्या, मंगळवार, साडेदहा.
सगळं ठरलेलं, दर ठरलेला, मजला ठरलेला.
आम्ही दहालाच पोचलो.
दाराला घंटी होती. मी बोट दाखवलं.
त्याने घंटीकडे पाहिलं,
जसं परक्याच्या ताटाकडे पाहतात,
आणि खिशातून शीळ काढली.
वर, खाली, पुन्हा वर.
समोरच्या घराची खिडकी उघडली, मग वरची,
एक म्हातारा हॅमची लांब सुरी घेऊन
सपातांवरच रस्त्यात आला.
त्याने वेळ घेतली नव्हती.
मी मोबाइल खिशात टाकला आणि सुरी हातात घेतली.

आता रोज रात्री सूप झालं की मामा विचारतो,
"आज कुणी आलं होतं का आपल्याकडे?"
"सतरा जण."
"काय म्हणाले?"
"काही नाही. बघून गेले."
तो पावाचा तुकडा बराच वेळ हातात धरून बसतो.
"सतरा माणसं," म्हणतो,
"आणि एकालाही आपण
पेलाभर वाईन विचारली नाही."