पेरभर

ब्रॉनिन नर्सने स्वतःच्या तर्जनीवर मलमाची रेघ काढून दाखवली,
टोकापासून पहिल्या पेरापर्यंत:
एवढ्यात दोन तळहातांइतकी कातडी.
मी मनात म्हटलं, पेरभर.
भाताचं पाणी आम्ही असंच मोजतो.

इप्सविचचं पाणी जड.
किटलीच्या तळाशी चुना, नळाच्या हनुवटीला पांढरी दाढी,
आणि शाल्मलीच्या गुडघ्यांमागे, कोपरांच्या घडीत
जानेवारी लाल होऊन बसलेला.

आंघोळ कोमट, दहा मिनिटं, साबण नाही.
टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही.
या दोहोंतला फरक मला चाळिशीत कळला.
मग ओल उडून जायच्या आत मऊ मलम, सढळ हाताने,
केस ज्या दिशेला निजलेत त्याच दिशेला.
दुसरं, पेरभराचं, अर्ध्या तासाने, फक्त लाल जागी.
"मांजराला कुरवाळावं तसं," ब्रॉनिन म्हणाली.
शाल्मलीने म्याव केलं.
पहिले तीन दिवस. नंतर नाही.

सांगलीहून मावशीचा फोन:
कडुलिंबाचा पाला उकळ, आणि पोरीला उन्हात बसव.
खिडकीबाहेर चार वाजताच अंधार.
ऊन मिळालं की बसवतो, मी म्हणालो.

शाळेत कुणीतरी विचारलं, लागतं का गं हे?
तिने नाही म्हणून सांगितलं.
इंग्रजीत त्याला दोन निराळे शब्द आहेत.
मी मराठीतच अडकून बसलो:
लागतं.
तिलाच.

रात्री भिंतीपलीकडून तो आवाज येतो,
कढईचा तळ उलथन्याने खरवडावा तसा, भर झोपेत.
"खाजवू नकोस" म्हणणं मी सोडून दिलं आहे.
उठतो, उशीखाली सुती हातमोजे चाचपतो,
गार ओलं फडकं धरून बसतो.

दिवाळीत औक्षणाला तिला पाटावर बसवलं
आणि उत्तराने ताम्हन हातभर लांबूनच ओवाळलं.
मलमात पॅराफिन, फ्रॉकमध्ये मुरलेलं, ज्योत जवळ नको.
लांबूनही चेहरा उजळला.
तसा तो चकाकत होताच.

नाव ठेवताना आम्हाला फक्त फुलं आठवली होती,
निष्पर्ण फांदीवरची, लालभडक.
शाल्मली म्हणजे काटेसावर, हे बारशाला कुणी बोललं नाही.
खोडभर काटे,
आणि बोंडात कापूस, उशीत भरण्याजोगा.

काल तिने माझाच हात ओढून घेतला.
गोदामातल्या पुठ्ठ्यांनी बोटं उललेली.
"डब्यात बोट नको, चमच्याने काढ.
बाबा, वरून खाली. चोळतोस काय?"

ती झोपली.
दिव्याचं बटण बोटाखालून दोनदा सटकलं,
दाराची मूठ तर फिरेचना.
तसाच उभा राहिलो अंधारात, तुपकट हातांनी,
आवाज येतो का ते ऐकत.