निलगिरीची रांग

बूच मधेच मोडलं.
अर्धं हातात आलं, काळपट, ओलं.
अर्धं आतच.
मग मेणबत्तीसमोर धरून ओतत राहिले
सत्त्याऐंशीची शेवटून दुसरी बाटली,
गाळ मानेशी येईतो.

उद्या केपटाउनहून लिलाववाले येणार.
त्याआधी मालकांना माझं मत हवंय,
लेखी, शंभरपैकी.

रंग: काठाला जुनी वीट, मधे अजून धग.
वास: देवदाराची पेटी, मनुका, ओली माती,
आणि मग काहीतरी गार,
नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारं.
'पुदिना' लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह.

पा दाराशी उभा होता. गॅव्ही सप्टेंबर.
या तळघरात चव्वेचाळीस वर्षं,
आणि एकवीस वर्षांत थेंब नाही.
"आण इकडे," म्हणाला.

पेला दांडीला धरलाच नाही.
मुठीत घेतला, चहाच्या मगासारखा,
नाक आत घातलं, डोळे मिटले.
"खालचा तुकडा. ओढ्याकडच्या तीन ओळी.
पुदिना कसला? निलगिरी ती.
बांधावर रांग होती. वारा सुटला
की घडांवर तेल बसायचं.
तुझ्या आईच्या केसांना वास यायचा,
तोडणी संपून महिना झाला तरी."

मी ती झाडं पाहिली नाहीत.
माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी पाडली.
करवतीचं एक टोक पाच्याच हातात होतं.

"फार पाणी पितात म्हणे," पा म्हणाला.
"झाडं पितात म्हणून काढली.
आम्ही प्यावं म्हणून तर..."
पत्र्याचा डबा, दिवसातून पाच वेळा,
मजुरीतून वळता.
ते वाक्य त्यानं कधीच पुरं केलेलं नाही.

मी घोट घेतला. जिभेवर फिरवला.
तुरटपणा झिजून मऊ झालाय,
उंबऱ्याच्या मधल्या लाकडासारखा.
पिकदाणीत थुंकले, शिकवलंय तसं,
आणि आकडे मोजत बसले.
चाळिसाव्यालाही चव होती.

पा पिकदाणीकडे पाहत होता.
"थुंकता येतं," म्हणाला,
"हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

मी पुदिना खोडला.
निलगिरी लिहिलं, प्रश्नचिन्हाशिवाय.
त्र्याण्णव.
मग खोडून चौऱ्याण्णव, आणि हात थांबला:
हा एक गुण कुणाचा?

पानं पेला परत ठेवला.
पातळी होती तेवढीच.
नाकाच्या शेंड्याला एक थेंब लागला होता.
तो त्यानं बाहीनं पुसला,
नीट, दोनदा.