पक्कड उजेडाला धरून

बाथरूमच्या दाराची कडी बसेना.
सुताराला तीन आठवडे फोन केले.
"येतो ताई, उद्या."
त्याचा उद्या कुठल्या पंचांगात असतो
कोण जाणे.

मग मोबाइलवर ऑफर बघून मागवली एक पेटी.
एकेचाळीस नग, लाल प्लास्टिक, चारशे नव्व्याण्णव.
पहिल्याच स्क्रूला स्क्रूड्रायव्हरचं टोक
साबणासारखं झिजलं.
उरलेले चाळीस नग
आपापल्या खाचेत मान घालून बसले.

शनिवारी हाफ डे टाकला, बोहरी आळीत गेले.
तिथे हातगाडीवरचा वीस फुटी पाइप वळायला लागला
की अख्खी आळी वाकते.
हुजैफाभाईंच्या दुकानात चार पुरुष आधीच उभे.
काय हवंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं,
निदान उभे तरी तसे होते.
"साहेबांनी काय आणायला सांगितलंय?" पोऱ्याने विचारलं.
"साहेब नाहीत," मी म्हटलं. "कडी आहे."

हुजैफाभाईंनी चष्मा कपाळावर ढकलला,
पक्कड मिटून ट्यूबलाइटपुढे धरली.
"दातांतून उजेड दिसला तर ठेवून द्यायची.
हातोडीच्या दांड्याच्या रेघा बघा,
लांबीत धावायला हव्यात.
आडव्या असल्या तर तिसऱ्या ठोक्याला
डोकं एकीकडे, तुम्ही दुसरीकडे.
आणि स्क्रूड्रायव्हर एकच घ्या, पण घ्या.
सेट ज्याला फोटो काढायचाय त्याला."
तीन वस्तू, सहाशे चाळीस.
बिल राहू द्या म्हटलं तर रागावले,
"मोडलं तर भांडायला याल कशाच्या जोरावर?"

ड्रिल मशीन मात्र दाखवलंच नाही.
"चार भोकांसाठी? जुन्या बाजारात जा,
उद्या रविवारच आहे. हातगिरमिट मिळेल.
अकराच्या आत. नंतर नुसता गंज उरतो."

नळांची तोंडं, एकेकटे बूट,
झाकणं हरवलेली मिक्सरची भांडी,
आणि एका ताडपत्रीच्या कोपऱ्यात, चाकाचं गिरमिट.
म्हातारा म्हणाला तीनशे.
मी शंभर म्हटलं, कारण तसं म्हणायचं असतं.
मग मुठीवर बोट फिरलं.
खिळ्याने कोरलेलं, वाकडं:
ग. धों. उंबरकर, शॉप नं. ३.

पिंपरीकडची एखादी बंद पडलेली कंपनी असेल.
निवृत्तीच्या दिवशी सांगून आणलं असेल घरी
किंवा आधीच कधीतरी, डब्याच्या पिशवीत, न सांगता.
सुनेने माळा रिकामा केला असेल.
"हे कोण हो?"
"माल किलोवर येतो, ताई.
नावं वजनात धरत नाहीत."
दोनशेवर तुटलं.
मी सव्वादोनशे दिले, का ते विचारू नका.

संध्याकाळी चार भोकं पाडली.
तीन सरळ, एक उंबरकरांना न आवडण्यासारखं.
वन्संचा फोन आला मध्येच,
"एकट्या बाईच्या घरात बाथरूमला कडी कशाला?"
फोन खांद्यात धरून
मी शेवटचा स्क्रू आवळत होते,
त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

मग आत गेले. लावली. काढली.
परत लावली.
दार थोडं उचलावं लागतं,
पण ते मला माहीत आहे.

मंगळवारी सुताराचा फोन. "ताई, उद्या नक्की."
"या की," म्हटलं, "चहाला या.
येताना पाऊण इंची स्क्रू आणा डझनभर,
स्वयंपाकघरातलं एक बिजागर
माझ्याकडे बघतंय कालपासून."