कडी

दानाच्या खुर्च्या दौलतगंजात ट्रकातून उतरल्या,
चाळीस, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या,
सगळ्या एकाच मापाच्या.
कोण डोळ्यांसमोर असेल करणाऱ्याच्या?
मध्यम उंची, मध्यम वजन,
दोन्ही हात धड, पाठ सरळ,
घराचं दार दवाखान्याएवढं रुंद.
असा माणूस सबंध लष्करात मला भेटलेला नाही.

रविवारी मांडव. हार, माईक,
नावं चुकवत वाचणारा एक मुलगा.
गेंदालाल कुशवाहाला फोटोसाठी
तीनदा उचललं, तीनदा बसवलं.
"उठता आलं असतं तर..." तो म्हणाला,
पुढचं माईकनं खाल्लं.

सोमवारपासून सगळे माझ्या दुकानी.
कंपूतलं सायकलचं दुकान,
पाटी अजून वडिलांच्या नावाची.

नफीसाचे पाय पायटेकूला पोचेनात;
टायरचा तुकडा, दोन वाद्या, झालं.
मोहित्यांच्या थोरल्याचा डावा हात तेवढा चालतो,
तर खुर्ची नुसती गोल फिरायची.
"खानवलकर, निघतो तिथंच येतो हो मी," म्हणून तोच हसायचा.
त्याच्या दांड्याला आठ दिवस गेले,
दोनदा चुकला.

आणि ग्वाल्हेरचा जानेवारी.
लोखंड असं गार की तळवा चिकटतो.
फुटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापून
एकेक मूठ गुंडाळत बसलो रात्री.
दानाच्या कागदावर थंडीचा रकाना नव्हता.

वापरलेल्या कुबड्याही येतात अधूनमधून.
तळाचं रबर बघितलं की कळतं
आधीचा माणूस कुठल्या अंगाला झुकायचा.
रबर मी बदलतो.
झुकणं लाकडात मुरलेलं असतं,
ते तसंच पुढच्याच्या काखेत जातं.

सुगंधाबाई शितोळे मात्र आल्या नाहीत.
निरोप आला: खुर्ची घेऊन जा.

जनकगंजात एक खोली.
दार तेवीस इंच, खुर्ची पंचवीस.
आठवडाभर खुर्ची बाहेर, बाई आत,
खुर्चीवर कुणाचे तरी पापड वाळत.

टेप गुंडाळत म्हटलं,
चाकांची ही बाहेरची कडी काढून टाकतो,
हातानं फिरवायची असतात ती.
दोन इंच सुटतील.
ढकलायला काय, कुणी तरी असेलच.

बाई जमिनीवर बसल्या होत्या, मेथी निवडत.
"कुणी तरी अकरा वर्षं ढकलतंय मला," म्हणाल्या.
"ही कडी राहू दे.
ती काढ."
आणि मेथीच्या काडीनं दाराकडे दाखवलं.

मला वाटलं दार उघडायला सांगतायत.
ते तर उघडंच होतं.

बिजागऱ्या गंजलेल्या, रॉकेल पाजावं लागलं.
फळी निघाली तेव्हा भिंतीत
कोऱ्या चुन्याचा एक उभा पट्टा दिसला,
किती वर्षांनी उजेड लागला असेल त्याला.
टेप लावली. पंचवीस, वर एक सूत.

बाहेर एकच पायरी, पण वीतभर उंच, दगडी.
मी वाळूची पोती शोधत होतो.
बाई म्हणाल्या, दार कुठं ठेवलंस?

आडवं घातलं तर नेमकं बसलं.

घरमालक तावातावानं आला,
"दार विकलंत की काय?"
"त्यावरच उभे आहात," बाई म्हणाल्या,
आणि तो खरंच एक पाऊल बाजूला झाला.

चौकटीत आता जुना पलंगपोस लोंबतो.
रात्री वारा सरळ आत येतो.
दोन रजया घेते, म्हणतात; मांजरं येतात ती निराळी.
पावसाळ्यात लाकूड फुगेल,
तेव्हाचं तेव्हा बघू.

एक राहून गेलं.
दाराची कडी तशीच राहिली फळीवर.
चाक वरून गेलं की खण्ण वाजते,
गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते म्हणे.
पेचकस घेऊन दोनदा गेलो काढायला.

दोन्ही वेळा बाई घरी नव्हत्या.