कोपरा

बाड्यावरच्या पोस्टाच्या पायऱ्या
आता मोजून चढतो.
नवं तिकीट निघालं की खिडकीतला मुलगा
माझ्यासाठी चार बाजूला ठेवतो, कडेच्या पट्टीसकट.
"बाबूजी, अब चिट्ठी कौन लिखता है," म्हणतो
आणि माझ्या पाकिटावर ठप्पा हलक्या हाताने मारतो,
तारीख वाचता येईल, चेहरा काळा होणार नाही असा.
एवढं प्रेम मला पुरतं.

घरी सतरा अल्बम.
झांझिबारच्या लवंगा, हंगेरीची त्रिकोणी तिकिटं,
आणि आपल्या संस्थानाची:
राणीच्या हनुवटीखाली काळ्या शाईत ग्वालियर.
एकावर इंग्रजी नावातला ओ चुकून सी झालाय.
ते मी दौलतगंजच्या सुगनचंदकडून
सायकल विकून घेतलं.
तिकिटांच्या दुनियेत चुकीला किंमत येते.

पहिल्या अल्बमचं पहिलं पान मात्र
मी कुणाला दाखवत नाही.

तिथे पाच नव्या पैशांचं,
पोस्टकार्डातून कापलेलं. सिंह तिरके.
नऊ वर्षांचा होतो, कात्री आईची होती,
घरात कुणी नव्हतं आणि कार्ड उंबऱ्यात पडलं होतं,
भेलशाहून, वेणूआत्याचं.

आत्या मोडीत लिहायची.
आधी या काठापासून त्या काठापर्यंत रेघ,
मग टाक न उचलता अक्षरं त्या रेघेला टांगत जायची.
कार्ड ती वरून खाली पालथं करी,
म्हणून तिकिटाच्या पाठीवर नेमकं
शेवटच्या ओळीचं टोक आलं.
मला मोडी येत नव्हती.
तिकीट दिसत होतं.

आई दळण घेऊन आली.
कोपरा नसलेलं कार्ड पाहिलं,
पिठाचा डबा दारातच ठेवला
आणि न बोलता न्हाणीकडे निघाली.
तेवढ्यात दादा गिरणीतून आले. चष्मा लावला.
"अगं थांब. अक्षर तिचंच आहे.
मेलेलं माणूस आपलं सुतक आपण कळवत नाही."
मग वाचत गेले: दमा, तुरीचे भाव, बेतव्याला पूर,
आणि शेवटी, "तेव्हा तू"

पुढे भोक.
भोकातून दादांचं बोट दिसलं.

मारलं नाही. त्याच रात्री उत्तर लिहिलं,
मला शेजारी बसवून, मोठ्याने वाचत:
"तुझ्या कार्डाचा कोपरा टपालात फाटला.
शेवटचे दोन शब्द पुन्हा लिही."
दोन. तिकिटामागे दोनच मावतात,
त्यांनी बोटाने मापून पाहिलं होतं.

बारा दिवसांनी रामसनेहीने कार्ड आत टाकलं नाही.
सायकलवरून उतरला, हातात दिलं.
कोपरा फाडलेला. अक्षर आतोबांचं.
त्यावरच्या तिकिटाला मी हात लावला नाही.

पहिलं तोवर चिकटवून बसलो होतो,
बाभळीचा डिंक, तोही भरपूर.
सोडवता येईल. शेकड्यांनी सोडवलीत,
बशीत कोमट पाणी, टीपकागद, चिमटा.
पण आत्याची शाई पुडीची, घरी कालवलेली.
पाणी लागलं की नुसतं निळं.
मागे विजेरी धरली तर रेघ दिसते.
रेघच. तिला काय टांगलंय ते नाही.

तेव्हा तू येऊन जा.
तेव्हा तू येऊ नको.
दोन्ही मावतात.
दादा गेले नव्हते, उत्तराची वाट पाहत राहिले.

अजून आठवड्याला चार कार्डं लिहितो.
वरून खाली पालथं करतो, तिच्यासारखं,
आणि तिकिटामागची तेवढी जागा
कोरी सोडतो.
कोट्याहून इंदुताई विचारते,
शेवटी काही लिहायचं राहिलं का रे?
पुढच्या कार्डात मी तिला
गजकाचा भाव कळवतो.