शेवटचं कोरं पान

हत्तुरे बाईंनी टेबलावर चळत ठेवली,
एकवीस पुस्तकं, वर एक खोडरबर.
"येमूल काका, अक्षर तुमचंच ना हे?
दंड घेत नाही. बसा आणि खोडा."

नाही कसं म्हणू?
बत्तीस वर्षं साखर पेठेत जेकार्डची कार्डं पंच केली,
अजून पेन्सिल धरली तरी
कागदाला भोक पडेल असं दाबतो.
खोडलं तरी मागच्या बाजूनं बोटाला लागतं.

मे महिना. वाचनालयाचा पंखा
या कोपऱ्यातली गरम हवा
त्या कोपऱ्यात नेऊन ठेवत होता.

पहिलं : कुणा साहेबाचं आत्मचरित्र.
मी लिहिलं होतं, 'तीनशे पानं, चूक एकही नाही.
यांच्या बायकोनं काही लिहिलंय का?'
खोडलं. हसू आलं, तेही आवरलं,
बाई बघत होत्या.

मधुमेहावरचं, बारावी आवृत्ती :
'शेंगाचटणी सोडा म्हणतो.
लेखक इकडचा नसावा.'

रहस्यकथा, वर पिस्तुलाचं चित्र :
'खुनी चाळिसाव्या पानावरच कळला.
तरी शेवटपर्यंत गेलो.
इन्स्पेक्टरलाही रात्री झोप येत नाही.'

ग्रहताऱ्यांचं : 'निम्मं कळलं नाही.
जे कळलं नाही ते जास्त आवडलं.'
हे खोडताना वाटलं, माणूस बरा होता लिहिणारा.
मग आठवलं, मीच की.

पातळसा कवितासंग्रह :
'एका पानावर सात शब्द. कागद काय फुकट येतो?'

इथं हात थांबला.
टॉवेलच्या किनारीशेजारी चार बोटं पांढरं सोडावं लागतं,
नाहीतर नक्षी गुदमरते,
हे मीच नव्या पोरांना ओरडून सांगायचो.
आणि ते सात शब्द तर
तेव्हापासून माझ्या डोक्यात राहायलाच आलेत,
भाडं न देता.
हे वाक्य मी दोनदा खोडलं.

एक कादंबरी, जाडजूड, कौटुंबिक.
'एकशे चौदा पानापर्यंत चांगली. पुढचं माहीत नाही.'
राजमणी विड्या वळायची, मी वाचून दाखवायचो.
एकशे चौदावर ती म्हणाली,
"थांबवा. बाई सुखात आहे, इथंच राहू दे तिला."
परवा उघडून बघावं म्हटलं एकशे पंधरावं.
नाही उघडलं.
आजही खोडलं तेवढं आणि बाजूला ठेवलं.

मग ते, गिरणीवरचं. बक्षीसवालं.
'यात माग खडखड वाजतो.
माग खडखड वाजत नाही.
जवळ उभं राहिलं की तो वाजतच नाही,
तो अंगात असतो.'
त्याच्याखाली, माझ्या नव्हे अशा अक्षरात,
बॉलपेननं, तेलुगूत, एकच शब्द :
निजमे.
खरंच आहे, एवढंच.

कोण असेल?
पुस्तकाच्या चिठ्ठीवर नुसते सभासद क्रमांक,
दोनशे सात, चारशे नव्वद, सहाशे तीन.
कुठल्या खात्यातला, कुठल्या पाळीचा?
की एखादी वहिनी, कांड्या भरणारी?

रबर उचललं आणि लक्षात आलं,
बॉलपेन काही जायचं नाही.
माझं गेलं तर ते 'निजमे' एकटं उरेल,
आणि पुढचा वाचणारा समजेल,
हे पुस्तकाला म्हटलंय.
एवढं मोठं खोटं माझ्या हातून कसं व्हावं?

ते तसंच चळतीच्या तळाशी घातलं.

बाईंनी एकेक चाळलं. तळाशी पोचल्या.
वाचलं. मग बोट खाली सरकलं,
"हे काय लिहिलंय?"
"नाव असेल कुणाचं," मी म्हणालो.
बाईंना कानडी येतं, अक्षरं सारखीच दिसतात की.
एक क्षण माझ्याकडे बघितलं,
आणि पुस्तक कपाटात ठेवलं, फळीच्या पुढच्या बाजूला.
"पेन्सिल मात्र इथं ठेवून जा."

ठेवली.

अशोक चौकात जुना कांडीवाला चिप्पा भेटला.
माझ्या शर्टावर, बाहीवर, भुवईवर
रबराचा बारीक पांढरा चुरा.
म्हणाला, "काय बे, या वयात परत कामाला लागलास?"

होय म्हटलं. आजच्यापुरता.