मुठीच्या आत

जयवंती तारीण आली तेव्हा भाता थांबलेला होता.
तिने ऐरणीवर दोन वस्तू ठेवल्या:
एक मूठ, एक पातं.
मधे काही नाही.
उजव्या हाताला लुगड्याची चिंधी,
चिंधीतून हळद ओघळलेली.

"मेस्त्री, पोलाद खंय संपता?"
बाबा म्हणाले, "मुठीत. बोटभर."
"आणि माझो हात खंय संपता?"

बाबांनी कनवटीचे पैसे काढले.
तिने घेतले नाहीत.
निवतीच्या बंदराकडे उतरून गेली,
लिलावाची वेळ झाली होती.

तीस वर्षं आम्ही तसंच करत आलो होतो.
उंदराच्या शेपटीएवढं टोक तापवून
लाकडात चुरचुरत घालायचं,
फटीत लाख ओतायची,
वरून शेंबी ठोकायची. दिसायला झ्याक.
मीठ मात्र दिसत नाही कुणाला.
बर्फाच्या पाण्याबरोबर, माशाच्या रक्ताबरोबर
ते लाखेखालून आत जातं
आणि बसून खातं वर्षभर.

कुडाळच्या भंगारातून कमानपाटा आणला.
कुठल्या ट्रकने फोंडाघाट किती वेळा चढला असेल
त्या पाट्याच्या जिवावर,
पाठ मोडेपर्यंत.
तापवून रात्रभर राखेत झोपवला.
मी तेव्हा चौदाची. भाता माझ्याकडे.
करवंटीच्या कोळशाला धूर कमी, राग जास्त.

सकाळी बाबांनी खडूने पाट्यावर सुरी काढली,
टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत
हात न उचलता.
मला वाटलं, बांगडा काढला.

मग बडवणं. मग कानस, दोन दिवस.
मग मुठीच्या जागी तीन भोकं,
ती पाणी द्यायच्या आधीच पाडायची,
नंतर ड्रिल रडतं.

मेलेल्या रेडिओतलं लोहचुंबक तारेला टांगलेलं.
लाल पातं त्याच्याजवळ न्यायचं.
ओढ लागते तोवर परत निखाऱ्यात,
ओढ सुटली की तेलात.
उंडीचं तेल, होडीला लावतात ते.
पहिलं पातं वाकलं, केळ्यासारखं.
दुसऱ्यावर टिचकी मारली तर
फुटक्या मडक्याचा आवाज.
तिसरं वाजलं.
ते बाबांनी आईच्या भाकरीच्या तव्यावर
वाळूत शेकत ठेवलं,
वाळल्या गवताचा रंग चढेतो.
आई तीन दिवस बोलली नाही. तव्यासाठी.

मुठीला कुंपणातला खैर,
फणस नको, ओला झाला की फुगतो.
पोलादाच्या दोन्ही अंगांना दोन फळ्या,
पितळेचे तीन खिळे आरपार.
कडेने पोलादाची रेघ उघडीच राहिली.
मी म्हटलं, लाखेने झाकू?
"नको. गिऱ्हाइकाक दिसूक व्हया
पोलाद खंयपर्यंत असा."

तारणीने सुरी हातात तोलली.
"जड असा," म्हणाली.
एवढंच.
बाबा त्या रात्री पोटभर जेवले.

परवा तिची सून आली. म्हातारी शिमग्यात गेली.
सुरी धारेला दिलीन.
पातं झिजून हिरासारखं झालंय,
मूठ तशीच, खिळे गुळगुळीत,
एक फळी अंगठ्याने खोल खळगलेली.

मी माझा अंगठा त्यात ठेवायला गेले.
बसेना.
सुरी फिरवली, परत धरली. बसेना.
मग कळलं, खळगा उजव्या फळीवर आहे.
डावा अंगठा लागतो त्याला.

चिंधी उजव्या हाताला होती.

एवढी वर्षं बंदरावर जाऊन
मी तिच्याकडून सुरमई कापून घेतली,
तिच्या हातांकडे एकदा बघितलं नाही,
नजर सारखी सुरीवर, आमच्या सुरीवर.

दगड भिजवला. धार लावली,
आधी उजवीकडून, मग डावीकडून.
सून पदराची गाठ सोडायला लागली.
नको म्हटलं.
तिने विचारलं, कशाला नको?
मला काही सांगता येईना.
बाहेर कुणीतरी कोयता घेऊन थांबलेलं,
त्याची मूठ हलत होती.